चष्मा उतरविणारी लेसर शस्त्रक्रिया : लाभ, मर्यादा व धोके

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाकडे जाताना गोखिवरे, सातिवली आणि वालीव हा लहानमोठ्या कारखान्यांचा पट्टा लागतो. एकेकाळी ग्रामपंचायतीचा कारभार असलेले वालीव आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. येथील औद्योगिक गाळ्यांत लेथवर तुकडा कातणारा कामगार, साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या वस्तूची कडा तासणारा मुलगा, तयार माल तपासून खोक्यात भरणारी स्त्री, या सर्वांची रोजी नजरेवर अवलंबून असते. घामाने धूसर होणारा आणि नाकावरून घसरणारा चष्मा अशा ठिकाणी अडचणीचा वाटतो. त्यावर आणखी सुरक्षा-चष्मा चढविणे तर बहुतेकांना नकोसेच होते. दुसरीकडे पोलीस, सैन्यदल व रेल्वे यांच्या भरतीची तयारी करणारे तरुण आहेत. त्यांच्यापुढे प्रश्न सोयीचा नसून पात्रतेचा असतो. ‘लेसरने दहा मिनिटांत चष्म्यापासून मुक्ती’ अशा आशयाच्या जाहिराती या दोन्ही वर्गांच्या नजरेस पडतात आणि साहजिकच मोह होतो.

असा मोह झालेला मनुष्य पुष्कळदा प्रथम नेत्रवैद्याकडे जात नाही. तो शाळेतील गुरुजींना, कार्यालयातील एखाद्या जाणकाराला किंवा ओळखीच्या लोकप्रतिनिधीला विचारतो. या मंडळींनी वैद्यकीय सल्ला देऊ नये हे खरेच. परंतु डॉक्टरांपुढे बसल्यावर कोणते प्रश्न विचारावयाचे, एवढे तरी त्यांना सांगता आले पाहिजे.

नंबर म्हणजे काय?

डोळ्याच्या पुढील बाजूस घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो त्यास स्वच्छमंडल म्हणतात. नेत्रवैद्य त्याला कॉर्निया म्हणतात. बाहेरून येणारे प्रकाशकिरण वाकवून ते डोळ्याच्या मागील जालपटलावर एकत्र आणण्याचे काम स्वच्छमंडल आणि त्यामागील नैसर्गिक भिंग मिळून करतात. डोळ्याची एकूण वक्रीभवनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर मानली, तर तिचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग एकट्या स्वच्छमंडलाचा असतो. डोळ्याचा गोलक प्रमाणापेक्षा लांब असेल तर किरण जालपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि दूरचे अंधुक दिसते. हा लघुदृष्टिदोष, म्हणजे ‘मायनस’ नंबर होय. गोलक आखूड असेल तर ‘प्लस’ नंबर येतो. स्वच्छमंडलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसेल तर तिरपा, म्हणजे ‘सिलिंडर’चा नंबर लागतो.

चष्मा आणि स्पर्शभिंग हे किरण डोळ्यात शिरण्यापूर्वीच त्यांची दिशा बदलतात. लेसर शस्त्रक्रिया स्वच्छमंडलाचाच आकार बदलते. गोलकाची लांबी मात्र पूर्वी होती तेवढीच राहते. ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी पुढील अनेक मर्यादांचे मूळ तिच्यात आहे. ज्याचा नंबर मोठा, त्याचा गोलक लांब आणि जालपटल ताणलेले असते. त्यामुळे जालपटल सुटण्याचा धोका अशा डोळ्यास सामान्य डोळ्यापेक्षा अधिक असतो आणि चष्मा उतरल्यानंतरही तो तसाच राहतो. आठ नंबरचा डोळा शस्त्रक्रियेनंतर चष्म्याविना स्पष्ट पाहू लागला तरी आतून तो आठ नंबरचाच डोळा असतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून जालपटलाची तपासणी करणे त्यास चुकत नाही.

सुरीपासून किरणापर्यंत

स्वच्छमंडलाचा आकार बदलून नंबर घालविण्याची कल्पना नवी नाही. कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. होजे बार्राकेर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून या दिशेने प्रयत्न केले. पुढे १९७० नंतरच्या दशकात मॉस्को येथील डॉ. स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी स्वच्छमंडलावर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सूक्ष्म छेद घेण्याची पद्धत रूढ केली. तिचा गवगवा फार झाला. अमेरिकेत अशा रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक डायॉप्टर वा त्याहून अधिक ‘प्लस’कडे सरकल्याचे आढळले. पहिल्या वर्षी उत्तम वाटणाऱ्या शस्त्रक्रियेचा खरा हिशेब दहाव्या वर्षी लागला. ती पद्धत आज मागे पडली आहे.

लेसरच्या कथेत एका भारतीय शास्त्रज्ञाचे स्थान मोठे आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले डॉ. रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय.बी.एम.च्या संशोधन केंद्रात काम करीत होते. एक्सायमर नावाच्या लेसरचे अतिनील किरण प्लास्टिकसारख्या पदार्थावर टाकले असता तो पदार्थ न वितळता, आजूबाजूस न भाजता, थराथराने नाहीसा होतो हे त्यांच्या लक्षात आले होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये सणाच्या मेजवानीतून उरलेला टर्की पक्ष्याच्या मांसाचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर हे किरण टाकून पाहिले. मांसावर सुरेख, स्वच्छ कडांची खाच पडली. सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन हे त्यांचे सहकारी होते. १९८३ साली नेत्रवैद्य डॉ. स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या साह्याने हाच किरण स्वच्छमंडलावर वापरता येईल असे दाखवून दिले. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या या किरणाचा एक स्पंद एका मायक्रॉनच्या चौथ्या हिश्श्याएवढा थर काढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आज तीन प्रकारच्या शस्त्रक्रिया प्रचलित आहेत. पहिलीस पी.आर.के. म्हणतात. तीत स्वच्छमंडलावरील नाजूक त्वचेचा थर दूर सारून पृष्ठभागावरच लेसर चालविला जातो. १९९५ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. तीत तीन-चार दिवस बऱ्यापैकी वेदना होतात आणि नजर स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. दुसरी लॅसिक. ग्रीसमधील क्रीट बेटावर डॉ. योआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास ती विकसित केली. तीत स्वच्छमंडलाचा सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा एका कडेने जोडलेला ठेवून उचलतात, खालच्या भागावर लेसर चालवितात आणि पापुद्रा पुन्हा जागच्या जागी बसवितात. वेदना अल्प होतात आणि दुसऱ्याच दिवशी दिसू लागते, म्हणून हीच सर्वाधिक लोकप्रिय झाली. तिसरी स्माइल या नावाने ओळखली जाते. जर्मनीतील नेत्रवैद्यांनी २००८ च्या सुमारास तिचे पहिले निष्कर्ष मांडले आणि २०१६ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. तीत पापुद्रा न उचलता, स्वच्छमंडलाच्या आत लेसरने कोरलेली पातळ चकती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढली जाते.

मायक्रॉनचा जमाखर्च

शस्त्रक्रिया कोणास मानवेल आणि कोणास मानवणार नाही, हे मुख्यतः साध्या वजाबाकीने समजण्यासारखे आहे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही ही वजाबाकी करता येईल.

सहा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात काम करावयाचे असल्यास एक नंबर उतरविण्यासाठी ढोबळमानाने १२ मायक्रॉन जाडी खर्ची पडते. समजा, एका व्यक्तीच्या स्वच्छमंडलाची जाडी ५४० मायक्रॉन आहे आणि नंबर उणे ४. लॅसिकचा पापुद्रा ११० मायक्रॉन आणि लेसरने काढलेला भाग ४८ मायक्रॉन, असे १५८ मायक्रॉन गेले. डोळ्याला खरा आधार देणारे ३८२ मायक्रॉन खाली शिल्लक राहिले. पापुद्रा पुन्हा बसविला तरी त्याचा आधारासाठी फारसा उपयोग होत नाही, म्हणून तोही खर्चातच धरावयाचा. आता दुसरी व्यक्ती घेऊ. जाडी ४९० मायक्रॉन, नंबर उणे ८. येथे पापुद्र्याचे ११० आणि लेसरचे ९६, मिळून २०६ मायक्रॉन गेले आणि २८४ उरले.

खाली किमान २५० मायक्रॉन उरावेत असा जुना दंडक आहे. सावध नेत्रवैद्य ३०० चा आग्रह धरतात. जुन्या दंडकाने दुसरी व्यक्तीही उत्तीर्ण ठरते. परंतु ब्राझीलमधील डॉ. सांतियागो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की, एकूण जाडीपैकी ४० टक्के वा अधिक भाग बाधित झाल्यास, पूर्वतपासणीत निर्दोष दिसलेले स्वच्छमंडलही पुढे दुबळे पडण्याचा संभव बराच वाढतो. पहिल्या व्यक्तीच्या बाबतीत हे प्रमाण २९ टक्के आहे, तर दुसरीच्या बाबतीत ४२ टक्के. म्हणजे ‘माझ्या मित्राने केली, त्याला काही झाले नाही’ या दाखल्याला येथे काडीचीही किंमत नाही. मित्राचे मायक्रॉन वेगळे असतात.

दुसऱ्या व्यक्तीस पर्याय नाहीत असे मात्र नव्हे. पापुद्रा न काढणाऱ्या पद्धतीचा विचार होऊ शकतो, किंवा स्वच्छमंडलास हात न लावता नैसर्गिक भिंगापुढे एक कृत्रिम भिंग बसविता येते. तिसरा पर्याय चष्म्याचा. तो निरुपद्रवी आहे आणि आवडला नाही तर काढून ठेवता येतो.

पदरात काय पडते?

योग्य व्यक्तीची निवड झाली तर लेसर शस्त्रक्रियेचे यश मोठे आहे, हे निःशंकपणे नमूद केले पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने लॅसिक केलेल्या व्यक्तींची दोन गटांत पाहणी करण्यात आली. एका गटात नौदलातील २६२ कर्मचारी होते, तर दुसऱ्यात ३१२ नागरिक. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ९५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपल्या दृष्टीविषयी समाधान व्यक्त केले. वैद्यकातील फारच थोड्या शस्त्रक्रियांना असे प्रशस्तिपत्र मिळते.

त्याच पाहणीची दुसरी बाजू जाहिरातींत सहसा येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना दृष्टीची कोणतीही विचित्र लक्षणे जाणवत नव्हती, अशांपैकी एका गटात ४३ टक्के आणि दुसऱ्यात ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनंतर किमान एक नवे लक्षण जाणवत होते. दिव्याभोवती वलय दिसणे, दिव्यातून किरण फुटल्यासारखे भासणे, उजेडाने डोळे दिपणे किंवा एकाच वस्तूची दुहेरी प्रतिमा दिसणे अशी ही लक्षणे होत. या लक्षणांमुळे दैनंदिन व्यवहारात फार अडचण येते असे सांगणारे एक टक्क्याहून कमी होते, आणि काहींच्या पूर्वीच्या तक्रारी शस्त्रक्रियेनंतर नाहीशाही झाल्या. तेव्हा समाधानी असणे आणि लक्षणरहित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढाच याचा अर्थ. परंतु जो मनुष्य रात्रभर महामार्गावर मालमोटार हाकतो आणि समोरून येणाऱ्या वाहनांच्या झोताला सतत तोंड देतो, त्याच्या दृष्टीने दिव्याभोवतीचे वलय ही किरकोळ बाब ठरत नाही. वालीवच्या कारखान्यांचा माल वाहून नेणाऱ्या चालकांनी हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारणे अगत्याचे आहे.

कोरड्या डोळ्यांचा त्रास याहूनही अधिक आढळतो. स्वच्छमंडल हे शरीरातील अत्यंत संवेदनशील भागांपैकी एक असून त्यातील सूक्ष्म मज्जातंतू अश्रूंचा पाझर नियंत्रित करतात. पापुद्रा उचलताना हे तंतू तुटतात. वरील पाहणीत पूर्वी कोरडेपणाची तक्रार नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांनी तीन महिन्यांनंतर ती नोंदविली. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात कमी होतो. काहींना मात्र दीर्घकाळ अश्रुसदृश थेंब वापरावे लागतात. थोड्या व्यक्तींना तपासणीत विशेष दोष न आढळताही सतत जळजळ व वेदना होत राहतात आणि त्या नियंत्रणात आणणे कठीण जाते. जेथे धूळ, उष्णता व रसायनांची वाफ आहे, किंवा जेथे दिवसभर संगणकाच्या पडद्याकडे पापणी न लवविता पाहावे लागते, तेथे हा उपद्रव अधिक जाचतो.

जंतुसंसर्गाचे प्रमाण फार अल्प, काही हजारांत एखादे, असते. परंतु तो झाल्यास दृष्टी जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते. नंबर थोडाफार परत येणे किंवा पूर्णपणे न जाणे ही बाब त्याहून पुष्कळ अधिक आढळते. त्यासाठी पुन्हा लेसर करता येईल की नाही हे शिल्लक मायक्रॉनवर ठरते.

नागपूरजवळच्या आठ गावांचा धडा

या शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत भयप्रद गुंतागुंत म्हणजे स्वच्छमंडल दुबळे होऊन पुढे फुगत जाणे. १९९८ साली जर्मन नेत्रवैद्य डॉ. थिओ झायलर यांनी लॅसिकनंतरच्या अशा रुग्णांकडे प्रथम लक्ष वेधले. हा विकार शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी प्रकट होतो. नंबर वेगाने वाढतो, तिरपा होतो आणि साध्या चष्म्याने दुरुस्त होईनासा होतो. मग कडक स्पर्शभिंगे, स्वच्छमंडलास बळकटी देणारा रिबोफ्लेविन व अतिनील किरणांचा उपचार, आणि शेवटचा उपाय म्हणून नेत्ररोपण असा प्रवास सुरू होतो. चष्मा टाळण्यासाठी निघालेला मनुष्य चष्मा पुरेनासा होण्याच्या स्थितीत येतो. याचे प्रमाण हजारी एखाद-दोन ते काही मोजकी प्रकरणे एवढेच सांगितले जाते. पण ज्या डोळ्यांत शंक्वाकार स्वच्छमंडलाचा, म्हणजे केराटोकोनसचा, विकार आधीपासून सुप्तावस्थेत असतो, त्यांच्या बाबतीत हा धोका कितीतरी वाढतो.

येथे महाराष्ट्रातील एका अभ्यासाचे महत्त्व लक्षात घ्यावयास हवे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील डॉ. योस्ट योनास यांनी नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील आठ खेड्यांत तीस वर्षांवरील ग्रामस्थांची विस्तृत नेत्रतपासणी केली. सुमारे ४,७०० लोक या पाहणीत समाविष्ट झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, स्वच्छमंडलाची वक्रता ४८ डायॉप्टर वा अधिक असणे हा निकष धरल्यास २.३ टक्के लोकांत केराटोकोनस आढळला. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९८६ साली झालेल्या अभ्यासात हेच प्रमाण लाखास सुमारे ५५, म्हणजे हजारात एकाहूनही कमी होते. दोन्ही अभ्यासांचे निकष भिन्न असल्याने हे आकडे शेजारी ठेवून काटेकोर तुलना करता येणार नाही, आणि नागपूरच्या पाहणीत केवळ वक्रता मोजली होती, संपूर्ण पृष्ठभागाचा नकाशा काढला नव्हता, हेही ध्यानी घ्यावे. तरीसुद्धा आपल्याकडे हा विकार दुर्मीळ समजून चालणार नाही, एवढा बोध त्यातून निश्चित होतो. ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळण्याची सवय आणि कुटुंबात हा विकार असणे, या दोन्ही गोष्टींशी त्याचा संबंध आहे. उन्हाळा आला की डोळे लाल होऊन चोळत बसणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. शिक्षकांनी त्यांना वेळीच नेत्रवैद्याकडे पाठवावे.

सुप्त केराटोकोनस चष्म्याच्या दुकानातील तपासणीत कळत नाही. त्यासाठी स्वच्छमंडलाच्या पुढील व मागील पृष्ठभागाचा आणि जाडीचा संगणकीय नकाशा काढावा लागतो. त्यास टोपोग्राफी वा टोमोग्राफी म्हणतात. या तपासणीपूर्वी मऊ स्पर्शभिंगांचा वापर एक-दोन आठवडे व कडक भिंगांचा त्याहून अधिक काळ बंद ठेवावा लागतो, कारण भिंगाच्या दाबाने आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकतो. जेथे सकाळी तपासणी, दुपारी शस्त्रक्रिया आणि ‘आजच आलात तर सवलत’ असा व्यवहार चालतो, तेथून परत फिरणेच शहाणपणाचे. या शस्त्रक्रियेत यंत्र कोणत्या पिढीचे आहे यापेक्षा ‘नाही’ म्हणण्याची तयारी असलेला डॉक्टर अधिक मोलाचा आहे.

सामान्यतः अठरा वर्षांखाली ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. एकविशी उलटू द्यावी असे अनेकांचे मत आहे. नंबर किमान एक वर्ष स्थिर असावा. गर्भारपण व स्तनपानाचा काळ, अनियंत्रित मधुमेह, संधिवातासारखे विकार, डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा या स्थितींत ती टाळावी किंवा पुढे ढकलावी. ही माहिती डॉक्टरांपासून लपविण्यात रुग्णाचेच नुकसान आहे.

कारखान्यातील डोळा

लॅसिकचा पापुद्रा कडेने भरून येतो, परंतु पूर्वीइतका घट्ट सांधला जात नाही. डोळ्यावर जोराचा मार बसल्याने शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही तो सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली आहेत. ग्राइंडरवरून उडालेला कण, सुटलेला पट्टा, निसटलेला पाना यांच्या सहवासात काम करणाऱ्याने, तसेच कबड्डी, कुस्ती व मुष्टियुद्ध खेळणाऱ्याने ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. अशा व्यक्तींसाठी पापुद्राविरहित पद्धती अधिक योग्य मानल्या जातात.

आणखी एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३५ अन्वये डोळ्यांस इजा होण्याचा संभव असलेल्या कामांसाठी योग्य पडदे वा गॉगल पुरविण्याची तरतूद केली होती. त्या गॉगलचा नंबरशी संबंध नाही. लेसरने नंबराचा चष्मा जातो, सुरक्षा-चष्मा जात नाही. नंबर असलेल्या कामगारास नंबरसह सुरक्षा-चष्मा बनवून घेता येतो. एकावर एक दोन चष्मे चढविण्याची अडचण त्याने दूर होते आणि खर्चही शस्त्रक्रियेच्या मानाने किरकोळ असतो.

वयाची चाळिशी हा तर लेसरच्या आवाक्याबाहेरचाच विषय. चाळिसाव्या वर्षानंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे दिसणे अवघड जाते. लेसरने दूरचा नंबर घालविलेल्या व्यक्तीलाही वाचनासाठी चष्मा लागतोच. उणे दोन-अडीच नंबर असलेला मनुष्य चाळिशीनंतर चष्मा काढून सहज वाचू शकतो. शिंपी, घड्याळजी, उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक यांना या निसर्गदत्त सोयीची किंमत ती गेल्यानंतर कळते. एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवण्याची तडजोड करता येते. पण ती सर्वांना मानवत नाही, म्हणून आधी स्पर्शभिंगे लावून तिचा अनुभव घेणे उचित.

चष्म्याला कमी लेखण्याचे कारण नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आसाममधील चाळीस वर्षांवरील ७५१ चहा-मजुरांपैकी निम्म्यांना जवळच्या नजरेचे मोफत चष्मे देण्यात आले. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची उत्पादकता सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपासून वालीवच्या गाळ्यांपर्यंत, साधा नंबर वेळीच न तपासल्याने होणारे नुकसान लेसर न केल्याने होणाऱ्या नुकसानीहून मोठे आहे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय मुलांची नेत्रतपासणी व गरजू मुलांना मोफत चष्मे यांची तरतूद आहे; २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही दृष्टिदोषांचा समावेश आहे.

भरती, विमा आणि संमती

भरतीसाठी लेसर करू इच्छिणाऱ्याने प्रथम त्या पदाचे वैद्यकीय निकष वाचावेत आणि मगच रुग्णालयाची पायरी चढावी. हा क्रम उलटला की पैसा व संधी दोन्ही जातात. रेल्वे भरती मंडळाच्या २०२४ च्या जाहिरातीत सहाय्यक लोको पायलट पदासाठी लॅसिक वा नंबर दुरुस्तीची अन्य शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र ठरविला होता. म्हणजे ज्या नोकरीसाठी शस्त्रक्रिया करावयाची, तिचेच दार शस्त्रक्रियेमुळे बंद होते. सैन्यदलांतील काही प्रवेशांना ती सशर्त चालते. शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर उलटलेला काळ, उरलेली जाडी व गोलकाची लांबी पाहिली जाते. हे निकष पदानुसार भिन्न असतात व वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू जाहिरातच प्रमाण मानावी.

विम्याच्या बाबतीतही अपेक्षा माफक ठेवाव्यात. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांनुसार ७.५ डायॉप्टरहून कमी नंबर घालविण्याचा खर्च आरोग्य विम्यातून वगळता येतो. बहुसंख्य इच्छुकांचा नंबर यापेक्षा कमीच असतो.

संमतीपत्रावरील सही हा उपचार नव्हे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, त्याचे लाभ, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमती हीच खरी संमती होय. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते हे तर त्याच न्यायालयाने १९९५ सालीच ठरविले आहे. संमतीपत्र मराठीत मागावे, आदल्या दिवशी घरी आणून वाचावे आणि न समजलेले वाक्य डॉक्टरांकडून समजावून घ्यावे. माझी जाडी किती, उरणार किती, नकाशात काही शंकास्पद आहे काय, माझ्या कामाच्या स्वरूपास कोणती पद्धत योग्य, त्रास झाल्यास रात्री कोणाकडे यावयाचे, एवढे प्रश्न पुरेसे आहेत.

शस्त्रक्रिया केलीच, तर तिचे कागद जपून ठेवावेत. स्वच्छमंडल पातळ झाल्यामुळे पुढे डोळ्याचा दाब मोजताना तो प्रत्यक्षाहून कमी भरतो आणि काचबिंदू नजरेतून निसटण्याचा संभव राहतो. प्रत्येक नेत्रवैद्यास आपण लेसर केल्याचे सांगणे म्हणून आवश्यक ठरते. साठीच्या सुमारास मोतीबिंदू झाल्यावर आत बसवावयाच्या भिंगाची शक्ती काढतानाही नेहमीची सूत्रे चुकतात. त्या वेळी शस्त्रक्रियेपूर्वीची वक्रता, जाडी व मूळ नंबर यांची नोंद हाती असल्यास गणित पुष्कळ सोपे होते. पंचविशीत केलेल्या शस्त्रक्रियेचा तो कागद पस्तीस वर्षांनी लागणार असतो. रुग्णालय तोपर्यंत असेल वा नसेल. त्याची एक प्रत जन्मदाखला व शाळा सोडल्याचा दाखला ठेवतात त्याच पाकिटात ठेवावी.